वळणावरचा हॉर्न

मी विलायतेला निघाले त्या दिवशी दादांनी ड्यूटी बदलून घेतली आणि पाटण-चिपळूण गाडी स्वतः काढली. दादा म्हणजे माझे वडील, लाल गाडीवरचे ड्रायव्हर. मी त्यांच्या मागच्याच सीटवर, मांडीवर लोणच्याची बरणी. कुंभार्ली घाटात ते प्रत्येक वळणावर हॉर्न देत राहिले. चिपळूणच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीत मला बसवताना एवढंच म्हणाले, "तिकडं गाडी शीक. आणि वळणावर हॉर्न देत जा. समोरच्याला कळायला नको, आपण येतोय ते?"

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. तुम्हा गावाकडच्यांना वाटायचं, मी कुठल्या तरी उंच इमारतीत राहते. मी राहत होते श्रूजबरीपासून तासाभरावर, गाईंच्या शेजारात. माझे यजमान श्रीधर तिथल्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर. बस नाही, रिक्षा नाही, रस्त्याला फुटपाथसुद्धा नाही. साडी नेसून चालायला निघाले की लोक गाडी थांबवून विचारायचे, कार बिघडली का? कुणी आपणहून चालतं, हे त्यांना पटायचंच नाही. त्या उन्हाळ्यात मी घरात कोंडून भरपूर रडले. माझ्यासारख्या ज्या इकडे आल्या, त्यांना वेगळं सांगायला नको.

मग अकरा मैलांवरच्या डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासायचं काम चालून आलं. माझी बी.एस्सी. पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडणार होती. अट एकच, महिन्याभरात लायसन्स हवं. गाडी मी श्रीधरांकडे शिकत होतेच; त्याच आठवड्यात टेस्ट ठरवली.

टेस्टला परीक्षक शेजारी, श्रीधर मागे. टेकडीच्या रस्त्याला तीन आंधळी वळणं होती. तिन्ही ठिकाणी मी दणकून हॉर्न दिला.

"कुणाला वाजवताय? समोर कुणी दिसत नाही," परीक्षक वैतागून म्हणाला.

"दिसत नाही, म्हणूनच तर!"

त्याने मला नापास केलं.

"अगं, इथे हॉर्न म्हणजे शिवी," घरी येताना श्रीधर म्हणाले. "जॉबचं सोड. तुला कुठे जायचं असेल तर वीकेंडला मी राइड देईन ना."

माझं डोकंच फिरलं. दादांनी इतकी वर्षं घाटात माणसं सुखरूप उतरवली, ती काय शिव्या देत? आणि आठवड्यातून दोनदा कुणीतरी फिरवून आणायला मी इतक्या लांब आले होते?

तीन आठवड्यांनी पुन्हा टेस्ट दिली. या वेळी ओठ घट्ट मिटून वळणं घेतली आणि पास झाले. लायसन्स पर्समध्ये टाकलं, आणि घरी येताना पहिल्याच वळणावर हॉर्न दिला.

त्या वळणावर वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याचा गोठा होता. मी लॅबला जाता-येता तो रोज मूठ उगारायचा. एक दिवस आमच्या दारात येऊन ओरडला, माझ्या गाई बिथरतात. मीही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुनावलं, "तुझा ट्रॅक्टर मला दिसत नाही. माझी गाडी तुला दिसत नाही. दोघांनी मरायचं का?" तो पाय आपटत निघून गेला. मी हॉर्न सोडला नाही.

जानेवारीत दोन्ही कडांना बर्फाचे ढीग साचले आणि रस्ता एका गाडीपुरता उरला. वळणावर मी हॉर्न दिला, तर पलीकडून हॉर्नच आला. मी करकचून ब्रेक दाबला. वॉल्टरचा दुधाचा ट्रक हळूहळू पुढे आला. त्याने काच खाली केली, टोपीला हात लावला. मी गाडीत बसून हुंदके देऊन रडले. या देशात येऊन मला पहिल्यांदा कुणीतरी ओ दिली होती.

आता दादा नाहीत, वॉल्टर नाही, गोठाही पडला. घर कुठे म्हणून कुणी विचारलं की मला आधी ते वळण आठवतं. आम्ही अजून त्याच रस्त्यावर राहतो. परवा मुलगी शेजारी बसली होती. मी हॉर्न दिला तशी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, नोबडी इज कमिंग!"

"असं कसं?" मी म्हटलं. "मी येतेय ना!"