कवठाची मोहरी

मोहरीतात्यांचे डोळे बारा महिने लाल असत. नवीन माणसाला वाटे, घरात कुणी गेलंय. मीही सून होऊन शेजारी आले तेव्हा तसंच समजले होते.

तंजावूरच्या राजवाड्यात, मुदपाकखान्यात, त्यांच्याकडे एकच काम होतं: मोहरी फेसायची. कंपनी सरकारने राज्य खालसा केलं आणि ते कामही गेलं. तात्यांनी दुसरं धरलं नाही. ‘बोलावणं आलं आणि हात बसलेला नसला, तर?’ एवढंच म्हणत आणि रोज घरी थोडी मोहरी फेसत.

सगळी गल्ली विळांपळम म्हणे, तात्या मात्र कवठच म्हणत. कवठं पिकली की ते अम्मीच्या दगडी पाट्यावर जास्तीची मोहरी घेऊन बसायचे. थेंबथेंब गार पाणी घालत, वरवंटा एकाच अंगाने फिरवत. नाकात झिणझिण्या आल्या की मगच कवठाचा गर आणि गूळ मिसळायचे. ऊन पाण्याचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. त्याने मोहरी मरते, म्हणत.

त्यातली एक बरणी दरवर्षी राज्य गेल्यावरही राजवाड्यातच राहिलेल्या आत्यासाहेबांसाठी जाई. त्या लहानपणी पानात कवठाची मोहरी नसली तर जेवत नसत. पहारेकरी बरणी ठेवून घेई, तात्या दारातूनच परतत.

एका संक्रांतीला सासूबाईंबरोबर मी हळदीकुंकवाला आत गेले. कोठीच्या फळीवर तात्यांच्या बरण्या ओळीने होत्या, तोंडाची फडकीसुद्धा सुटलेली नव्हती. दासीला विचारलं. ती म्हणाली, यजमान गेले तेव्हापासून आत्यासाहेबांनी मोहरी सोडली आहे. टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून ठेवल्यात.

घरी आले तर तात्या कुंपणाशी उभेच होते. काही म्हणाल्या का, त्यांनी विचारलं. खरं सांगवेना. मी म्हटलं, जरा झणझणीत झाली म्हणाल्या.

तात्यांचा चेहरा उतरला. ‘वय झालं त्यांचं,’ ते म्हणाले. ‘माझ्या ध्यानातच आलं नाही.’

पुढच्या वर्षी त्यांनी मोहरीवर आधणाचं पाणी ओतलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी बोटभर मला चाखायला दिली. नुसतं गूळ घातलेलं कवठ होतं ते. तीही बरणी फळीवरच गेली असणार. हळदीकुंकवाहून परतल्यावर तात्यांनी विचारलं तेव्हा मात्र मी आवडली म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

ते म्हणाले, ‘बरं झालं. पण ती मोहरी नव्हती, सूनबाई.’

त्यांनी अम्मी धुऊन भिंतीला उभी केली. पुन्हा आडवी केली नाही. पुढची कवठं पिकायच्या आत तात्या गेले. आत्यासाहेबांना ते कुणी कळवलं की नाही, मला ठाऊक नाही.