दह्याच्या मडक्यातल्या पिवळ्या गोळ्या

आमच्या रोदोपी डोंगरात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दह्याचं मडकं आलं, तर जाताना त्यातून अक्रोड जातील, मिरच्या जातील. काहीच नसलं तर मूठभर मीठ तरी जाईल. झ्लातिना याच रीतीत वाढली. तरीही गावात तिचंच एक दार असं होतं, की तिथून माणूस रिकाम्या हातानं परत जाई.

ते दार औषधाच्या दुकानाचं. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर औषध, नसेल तर झ्लातिनाचं हसू. हसू मोठं गोड, पण त्यानं काही गुडघे दुखायचे राहत नाहीत.

"तुझ्या बापाला मी पोहायला शिकवलं, आणि माझ्याकडे चिठ्ठी मागतेस?" लोक म्हणत.

"बापालाच विचारा. तोही चिठ्ठी घेऊनच येतो," ती म्हणे.

त्या मंगळवारी म्हातारा स्लाव्चो आला. मेंढ्यांचा मालक, आणि आमच्या खोऱ्यातला पहिला गायदावाला. बकरीच्या कातड्याच्या पिशवीचं ते वाद्य त्यानं काखेत दाबलं आणि फुंकर घातली, की समोरच्या कड्यावरची गुरं मान वर करत. आज मात्र तो दुकानाची चौकट धरून उभा होता. रंग चुन्यासारखा.

"पोरी, एक ताकदीचं इंजेक्शन टोच. रविवारी नातीचं लग्न, आणि मिन्कोनं माझी गायदा कपाटात घालून किल्ली खिशात टाकलीय. पोटचा पोरगा! म्हणतो, परवा बाकावरून उठलास तर झोकांडी गेली, वऱ्हाडासमोर कोसळलास म्हणजे?"

"चिठ्ठी?"

"लग्नपत्रिका आहे. चालेल?"

झ्लातिना हसली, पण तिची नजर त्याच्या बुटांवर गेली. घोटे सुजून बुटांबाहेर आले होते. तिनं त्याला बसवलं, दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब पार तळाला गेला होता.

"आजोबा, दाबाची गोळी किती घेता?"

"एकच. तू देतेस ती पांढरी." मग जरा थांबून, "आणि एक मडक्यातली."

"कसल्या मडक्यातली?"

स्लाव्चोनं खिशातून कागदाची पुडी काढली. आत पिवळ्या गोळ्यांची अर्धी पट्टी. "मी वेलिकाला दही पाठवतो. ती मडक्यातून या पाठवते. छातीला बळ येतं म्हणते."

झ्लातिनानं पट्टी उजेडात धरली. वरचं नाव निराळं, कंपनी निराळी. पण खाली बारीक अक्षरात मूळ औषध होतं तेच. एकाच आईच्या दोन लेकी, फक्त फ्रॉक वेगळे. म्हातारा रोज दुप्पट गिळत होता. आणि शेजारची विधवा वेलिका? तिचा चेहरा अलीकडे भाजलेल्या लाल मिरचीसारखा दिसे, आणि डॉक्टरांनी नुकताच तिचा डोस वाढवला होता. तिच्या गोळ्या तर दह्याच्या मडक्यातून शेजारी जात होत्या!

डोस बदलायचा हक्क झ्लातिनाचा नव्हे. तिनं पट्टी स्वतःकडे ठेवून घेतली आणि खालच्या गावी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आज आणखी काही देऊ नको, उद्यापासून त्यांची त्यांची एकच. शनिवारी मी तपासतो. त्या बाईंनाही पाठव.

"रविवारपर्यंत उतरेल का हे अंगातून?" स्लाव्चोनं विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"हे औषध हळू उतरतं. तीन-चार दिवस घेतं. रविवारपर्यंत उतरायला हवं." हवं म्हणताना तिनं बोटं घट्ट मिटली होती.

दुपारी वेलिका दुकानात शिरली ती तणतणतच. "माझं दिलेलं काढून घेतलंस? घरातलं सगळ्यात चांगलं दिलं होतं मी! मला लागू पडतं म्हणून!"

"आजी, तुला लागू पडायला ते तुझ्या पोटात जावं लागतं."

"गारांनी माझ्या मिरच्या झोडपल्या. मग रिकामं मडकं पाठवू? तेही त्याच्या घरी? लाजेनं मरेन मी!"

झ्लातिनानं भिंतीवरच्या चौकटीतला आपला परवाना दाखवला. "चिठ्ठीवर ज्याचं नाव, औषध त्याचंच. मी दुसऱ्याला दिलं तर हा परवाना जाईल. तू दिलंस तर स्लाव्चो जाईल."

वेलिका एकदम खुर्चीवर टेकली. एप्रनच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझी आजची गोळी... पाणी देतेस का गं?"

शनिवारी डॉक्टरांनी स्लाव्चोला बसवून तपासलं, उभं करून तपासलं, आणि मिन्कोपुढे हात पसरला. मिन्कोनं त्यावर किल्ली ठेवली.

रविवारी पाद्रीबाबांनी लग्न लावलं, आणि चर्चच्या अंगणात म्हातारा बाकावरून उठला तेव्हा झ्लातिना एक पाऊल पुढे सरकली. तो डगमगला नाही. पिशवी फुगली, तो खर्जातला सूर धुक्यासारखा अंगणभर पसरला, आणि नवरी हसत-रडत नाचायला उतरली.

सोमवारी स्लाव्चोनं दुकानात येऊन मडकं टेबलावर ठेवलं. "वेलिकाकडून परत आलंय. म्हटलं, आधी तुला दाखवावं."

झ्लातिनानं जपून झाकण काढलं. आत लोकरीचे जाड मोजे होते, नुकतेच विणलेले. म्हाताऱ्यानं तिथंच बूट काढून ते चढवले. सूज ओसरलेल्या घोट्यांवर अगदी बेताचे बसले.

"याला डॉक्टरची चिठ्ठी लागते का गं?"

"नाही आजोबा," झ्लातिना म्हणाली, "याला पाद्रीबाबा लागतील."