विट्याच्या स्टँडवर चित्र काढताना

गलाईचं दुकान धाकट्या भावाच्या हाती सोपवून मी तमिळ मुलखातून गावी परतलो. सोनं गाळण्यात उभी उमर गेली होती. भट्टीची धग, तेजाबाचा वास आणि एक अंधारी खोली, एवढंच जग होतं. इकडे आल्यावर डाळिंबाची बाग होती, पण बागेतली कामं उरकली की दिवस खायला उठायचा. अशात मोबाइलवर चित्रं शिकवणारा एक माणूस सापडला. तो सारखा सांगायचा, वाईट का होईना, रोज काढा. ते मला पटलं. काही येवो न येवो, रोज बसायची सवय मला होती.

मुलाचं परीक्षेचं जुनं पॅड घेतलं, त्याला कोरे कागद लावले आणि घराच्या सोप्यात बसून समोरचा तांब्या काढला. मग कंदील, चप्पल, खुराडं. बायको याला 'अभ्यास' म्हणायची. चहा देताना विचारायची, "झाला का आजचा अभ्यास?" त्यात थट्टा असायची, पण ती चहा वेळेवर आणायची.

घरातल्या वस्तू काढून संपल्या. मोबाइलवरचा माणूस म्हणाला, आता माणसं काढा, चालती-बोलती. गावात ते जमणारं नव्हतं. इथं कुणाकडं जरा टक लावून बघितलं की तो जवळ येऊन विचारतो, काय काम हाय. म्हणून बागेची औषधं आणायला विट्याला गेलो की मी एसटी स्टँडवर बसू लागलो. पॅडवर वर्तमानपत्र आडवं धरायचं आणि त्याच्या आड पेन्सिल चालवायची. गाडीची वाट बघणारी माणसं बराच वेळ एका जागी असतात, हे मला फार सोयीचं वाटलं होतं.

त्या दिवशी समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल. मांडीवर पिशवी, हनुवटीखाली हात, डोळे पेंगुळलेले. मी काढायला घेतलं. नाक काही जमेना. मी बघायचो, काढायचो, खोडायचो, परत बघायचो. मध्येच तिनं पदर ओढून अर्ध्या गालावर घेतला. खरं सांगायचं तर मला तेव्हा तिचा रागच आला. आता पदर परत काढावा लागणार, असं मनात आलं. तिनं तो का ओढला असेल, हे डोक्यातही आलं नाही. मी पदर खोडून पुन्हा काढला.

थोड्या वेळानं माझ्या कागदावर सावली पडली. वर बघितलं तर केस बारीक कापलेला, खांद्याला मिलिटरीची बॅग लावलेला एक जवान उभा होता. ती त्याची बहीण होती, हे नंतर कळलं.

"काका, कवापास्नं बघताय तिच्याकडं. काय काम हाय?"

"चित्र काढतोय," मी म्हणालो.

"कुणाचं?"

त्यानं वर्तमानपत्र बाजूला केलं आणि पॅड हातात घेतलं. आजूबाजूची माणसं गोळा झाली. तो कागदाकडं बघत होता, मग बहिणीकडं, मग परत कागदाकडं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि तिथं काय बोलावं न सुचल्यासारखं काहीतरी आलं. मागून कुणीतरी डोकावून म्हणालं, "ही बाई हाय व्हय? मला तर म्हातारा बाप्या वाटला." माणसं हसली.

"बघू," बाई बाकावरूनच म्हणाली. भावानं तिला कागद दाखवला. तिनं तो नीट बघितला.

"ही मी न्हाई," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

भावानं पॅड माझ्या हातात दिलं. "काका, पोरीबाळी असत्यात हितं. घरी काढत जावा." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

चित्र चांगलं जमलं असतं तर मी त्या दिवशी मार खाल्ला असता. ते वाईट होतं म्हणून सुटलो. औषधं न घेताच मी गावाकडच्या गाडीत बसलो. कान तापले होते. शेजारच्यानं सरकून जागा दिली तरी त्याच्याकडं बघवलं नाही.

गर्दीत आमच्या गावचा कुणीतरी असणारच. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आमच्या मुलासाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. बायकोनं ताट वाढलं, समोर बसली आणि मी दोन घास खाल्ल्यावर विचारलं, "चित्रच काढत हुता न्हवं?"

दिवसभरात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला हे विचारावं लागलं आणि ते मी विचारायला लावलं. मी उठून पॅड आणलं आणि पुरावा दाखवावा तसा कागद तिच्यापुढं ठेवला. तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"पदर दोनदा काढलाय," ती म्हणाली. पहिल्या पदराची खोडलेली रेघ अजून दिसत होती.

"तिनं मधीच ओढून घेतला."

"मग तवाच थांबायचं हुतं."

ती ताट घेऊन आत गेली.

त्यानंतर बरेच दिवस पेन्सिलीला हात लावला नाही. बायकोनंही अभ्यासाचं विचारलं नाही. मग एकदा मी विट्याला निघालो असताना तिनं स्वतःच पॅड पिशवीत घातलं. "माणसाला इचारून काढावं," एवढंच म्हणाली.

स्टँडवर विचारून काढणं चोरून काढण्याहून अवघड निघालं. "तुमचं चित्र काढू का?" म्हणताना जीभ जड व्हायची. एकानं विचारलं, कशाला? एकजण उठून दुसरीकडं जाऊन बसला. मी पॅड पिशवीत घालणार, तेवढ्यात शेजारचा म्हातारा म्हणाला, "माझं काढा की. आटपाडीची गाडी येईस्तवर बसलोयच." त्यानं टोपी सरळ केली, मिशा पुसल्या आणि दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले.

"जरा हलू नका, बाबा," मी म्हणालो.

तो हलला नाही. आजवर कुणी माझ्यासमोर असं बसलं नव्हतं, त्यामुळे मी अगदी गुंगून गेलो. मान वर केली तेव्हा स्टँड बराच मोकळा झाला होता. आटपाडीची पाटी लावलेली गाडी फाटकातून बाहेर वळत होती.

"बाबा, तुमची गाडी गेली."

"बघितली की मी."

"मग उठला का नाही?"

"तुमीच म्हणला, हलू नगा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुढची गाडी कधी आहे ते खिडकीवर विचारून आलो. बराच वेळ होता. मी त्याला चहा आणून दिला आणि शेजारी बसलो. चित्र दाखवायची छाती होत नव्हती, म्हणून पॅड पालथं ठेवलं होतं. त्यानंच ते उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि मान तिरकी करून बघितलं.

"कान बरं आल्यात," तो म्हणाला. "गाडी येईस्तवर नाक परत काढून बघा."