मोजा, साहेब

लोक म्हणतात, ऑडिटवाल्यांना काळीज नसतं. मला आहे. त्यात एका माणसावरचा राग वीस वर्षं लोणच्यासारखा मुरत घातला होता. गेल्या वर्षी मे महिन्यात बरणी उघडली. झक्कास मुरला होता.

माझे वडील, आबा, फैजपूरकडे पाणीपुरवठ्याच्या एका सरकारी कचेरीत भांडारपाल होते. लोखंडी पाईप, बेंड, व्हॉल्व्ह, मीटर सगळं त्यांच्या ताब्यात. दरवर्षी मार्चअखेरीला भांडारातला माल मोजायचा आणि वहीत लिहायचं, 'प्रत्यक्ष पडताळणी केली, साठा बरोबर आढळला.' खाली दोन सह्या, एक भांडारपालाची, एक अभियंत्याची. हा झाला नियम. रीत अशी की मोजायचं कुणीच नाही. मार्चअखेरीला बिलं काढायची धांदल, त्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण मरायला जातो? वाक्य आधीच लिहून ठेवलेलं असायचं, सह्या तेवढ्या ठोकायच्या.

वीस वर्षांपूर्वी तिथला अभियंता आबांना म्हणाला, "मी मोजलंय आबा, तुम्ही फक्त सही करा." आबांनी केली. पुढे ऑडिटमध्ये पाईप कमी निघाले. चौकशीत हा बहाद्दर म्हणाला, "आकडे भांडारपालाने दिले, मी विश्वास ठेवला." झालं! सगळी वसुली आबांच्या पगारातून. पाईप कुणाच्या केळीच्या बागेत पुरले गेले, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. पण साहेबाचं नाव घेणार कोण?

मी तेव्हा बारावीला होते. आबांवर खूप ओरडले. "न मोजता सही केलीच कशी?" ते खाली बघत म्हणाले, "साहेबनी सांगं, मी सही करी दिनी." एवढंच. आमच्या गावात, सोनगीरला, ते स्टँडवर उतरले की मागून कुणीतरी 'पाईप!' म्हणून ओरडायचं. आईने हळदीकुंकवाला जाणं सोडलं. लोक म्हणे देशसेवेसाठी सरकारी परीक्षा देतात. मी सूड घ्यायला दिली, आणि पहिल्या फटक्यात पास झाले.

तर गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या तिघांच्या पथकाला जळगाव जिल्ह्यातल्या एका कचेरीचे वार्षिक हिशेब तपासायला दिले. उपअभियंत्याच्या दारावरची पाटी मी दोनदा वाचली. तोच! केस पांढरे, पोट सुटलेलं, निवृत्तीला दोन महिने. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे त्याला पत्ता नाही. नियमाने मी हे पथकप्रमुखांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चूक केली, कबूल आहे, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

त्याने आमची खातिरदारी सुरू केली. वांग्याचं भरीत काय, कळण्याची भाकरी काय, केळीचे वेफर्स काय! मी माझा डबा खाल्ला. मग साठ्याची वही मागवली. वाक्य तेच, अक्षर न् अक्षर तेच. खाली दोन सह्या. एक याची. दुसरी भांडारपाल बाईंची. नवरा नोकरीत असताना गेला, म्हणून त्याच्या जागी लागलेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. बाईंनी किल्ली पुढे केली ती माझ्याकडे न बघता, साहेबाकडे बघत, त्यावरूनच मला कळलं की मोजलेलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, चला, भांडार मोजू."

"अहो मॅडम, आमची माणसं मोजतील ना."

"सही माणसांची नाही, तुमची आहे. मोजा, साहेब."

जळगावचा मे महिना, दुपारचे दोन, वर पत्रा. मी दाराशी झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले आणि तो एकेक पाईप हाताने शिवून मोजू लागला. लोखंड असं तापलेलं की दर वेळी हात झटकायचा. मध्येच आकडा विसरायचा. मी म्हणायची, "राहू द्या, पहिल्यापासून घ्या." तीनदा पहिल्यापासून घ्यायला लावलं. शर्ट पाठीला चिकटला, चष्म्यावर घाम, पाणी मागितलं तर म्हटलं, एवढी रांग झाली की घ्या. मला दया आली का? छे! आयुष्यात इतकं गार कधी वाटलं नव्हतं.

एकेचाळीस पाईप कमी भरले.

आक्षेप लिहायचा आमचा कागद असतो. डाव्या अर्ध्यात आमचा प्रश्न, उजव्या कोऱ्या अर्ध्यात कचेरीचं उत्तर. मी प्रश्न लिहून कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने रुमालाने मान पुसली आणि अक्का समोर उभ्या असताना बिनदिक्कत म्हणाला, "बाईंच्या नावावर टाकू या ना. त्यांची अजून पंधरा वर्षं नोकरी आहे, हप्त्याहप्त्याने फिटून जाईल. माझं काय, दोन महिने राहिलेत."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. माझं मस्तकच फिरलं.

"फैजपूरलाही असंच केलं होतं ना तुम्ही? भांडारपालाच्या नावावर टाकून मोकळे!"

हा क्षण मी वीस वर्षं घोकला होता. तो पांढराफटक पडेल, हात जोडेल, आबांचं नाव घेईल. तो मात्र खरंच विचारात पडला. कपाळाला आठ्या घातल्या. मग विचारलं, "कोणाचं म्हणताय? तिथं माझ्या वेळेला दोघा-तिघांचं झालं होतं तसं."

दोघा-तिघांचं! ज्या माणसासाठी मी झोप उडवून अभ्यास केला, त्याला आमचं घर बुडवलेलं आठवतसुद्धा नव्हतं. मी आबांचं पूर्ण नाव सांगितलं. मग सांगितलं, मी त्यांची मुलगी. आता मात्र त्याचा चेहरा उतरला. "आहेत का ते?" म्हणाला.

"आहेत. लिहा आता. 'पडताळणी न करता मी प्रमाणपत्रावर सही केली. भांडारपालांना मोजणीसाठी मी बोलावलेच नव्हते.' हे खरं आहे की नाही, अक्कांसमोर सांगा."

त्याने अक्कांकडे पाहिलं, तेवढ्यात आत आलेल्या पथकातल्या दोघांकडे पाहिलं. नाही म्हणायला जागाच नव्हती. लिहिलं. खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मोजून केलेली सही असेल ती. तूट त्याच्या नावावर, ऑडिट अहवालातला आक्षेपाचा परिच्छेद त्याच्या नावावर. अक्कांवर एक रुपया नाही.

रविवारी सोनगीरला जाऊन आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी आधी विचारलं, त्या बाईला काही वसुली लागली का? नाही म्हटलं. मग म्हणाले, "तवय मन्हासाठे असं कोनीच नव्हतं." आणि माझे आबा माझ्यासमोर ढसाढसा रडले. वसुली लागली तेव्हा रडले नव्हते, आई गेली तेव्हाही नाही.

तो माणूस आता निवृत्त झालाय. त्या परिच्छेदापायी पेन्शन अडलंय. परिच्छेद वगळावा म्हणून अर्जावर अर्ज करतो, आणि प्रत्येक अर्ज शेऱ्यासाठी माझ्या टेबलावर येतो. मी प्रत्येक अर्ज नीट वाचते, नियमात बसेल तेवढे सगळे दिवस घेते, आणि लिहिते, 'अमान्य'. आबांची ग्रॅच्युइटी चार वर्षं अडली होती. याचं तर आत्ता कुठे वर्ष होतंय.