डालग्याखालची शेवटची कोंबडी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तो बोटीवर असतो, फोन आला की सगळे भोवती बसतात — आणि एकटी असते तरी बोलले असते का? लोकांत मला प्यायला पाणी मागायचीही लाज वाटते.

आमच्या घरात बाजारची कोंबडी येत नाही. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, सगळा जन्म घरचीच खात आल्या. बाजारातली कुणी कशी कापली, काय माहीत? रमजानच्या आधी आम्ही घरच्या कोंबड्या कापून फ्रीजरमध्ये ठेवतो, म्हणजे रोज्यांत ती धावपळ नको. पुरुष बाहेर, म्हणून सुरी अम्माच धरायच्या. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मला शिकवलं. "आधी बिस्मिल्ला, मग सुरी. पण जीव असताना गो! मेली की ती आपल्याला हराम."

मला ते जमलं. शेजारणी आपल्या कोंबड्या घेऊन यायला लागल्या. एक हसून म्हणाली, "अम्मा, सून तुमची मुकी, पण सुरी काय बोलते हो तिची!" मी मान खाली घातली, पण मला ते आवडलं. फार आवडलं.

कापायच्या त्या दिवशी मी आमच्या सगळ्या कोंबड्या एकाच डालग्याखाली, उलट्या टोपलीखाली, कोंडल्या. अम्मा पडवीतून ओरडल्या होत्या, "दोन डालगी घे, गुदमरतील!" मी हो म्हटलं आणि मोबाइल बघत बसले. एक बाई सांधे कसे सोडवायचे, पिशवीत तुकडे चपटे कसे भरायचे ते दाखवत होती. मला असलं बघायला लागलं की भान राहत नाही. आत काय असतं, कुठलं हाड कुठे जुळतं...

मग कापायला घेतलं. शेवटची बाहेर काढली तर तिची मान लोंबली. डोळे मिटलेले. अंग गरम होतं — पण जिवाने की उन्हाने? मी तिच्या छातीवर बोट ठेवलं. धडधड लागली ती तिची की माझ्या बोटाची? अजून विचार करते. पण खरं सांगू? तेव्हा मला कळलं होतं. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी फिरवली. रक्त उडालं नाही. काळपट ओघळलं, थांबलं.

"सगळ्या जित्या होत्या ना गो?" अम्मांनी आतून विचारलं.

"होय," मी म्हणाले. माझ्या तोंडून सहसा शब्द निघत नाही. हा चटकन निघाला.

ती तिथेच पुरायची होती. पुरली असती तर अम्मांनी विचारलं असतं, शेजारणींना कळलं असतं, मग माझ्या हातात सुरी कोण देणार? मी तिची पिसं काढली. मांस इतरांपेक्षा लाल होतं. तुकडे केले, पिशवीत भरले.

दुसऱ्या दिवशी तीच पिशवी काढून टाकायला फ्रीजर उघडला. सगळ्यांवर बर्फ धरलेला. एक पुसून बघितली, दुसरी पुसली. सगळ्या सारख्याच. आता टाकायच्या तर सगळ्या, आणि मग सांगायला लागणार. मी झाकण लावलं.

पुरा रमजान मी चव शोधत होते. प्रत्येक सांजेला पहिला घास मी जिभेवर धरून ठेवायची. हीच का ती? काहीतरी वेगळं लागायला नको का? काहीच लागलं नाही. अम्मा रोजा सोडून हाडं चोखायच्या आणि म्हणायच्या, "घरची ती घरचीच."

फ्रीजर रिकामा झाला, म्हणजे ती त्यांच्या ताटात गेलीच. कुठल्या दिवशी, ते मलाही माहीत नाही. त्या परत मागायच्या, मी वाढायची.