तिसऱ्या मजल्यावरचा लाल ठिपका

काचा धुणाऱ्यांकडे सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. अहो, आम्ही तिघं टेम्पोत बसलो की जळगावपासून किस्से सुरू होतात, आणि धुळं आलं तरी संपत नाहीत!

तिघं म्हणजे मी, टेम्पो चालवणारा भूषण आणि आमचे नाना. नानांनी तीस वर्षं दोराच्या झुल्यावर बसून इमारती रंगवल्या. गुडघे गेले, झुला सुटला. आता ते जमिनीवरूनच लांब काठी वर करतात. काठीच्या टोकाला ब्रश, आणि ब्रशमधून येतं आमच्या फिल्टरचं पाणी. त्यात क्षार नसतात, म्हणून काच न पुसताच चकचकीत वाळते. एवढंच सायन्स, पण ते पटवताना नाकी नऊ येतात!

*

एरंडोलला एका कापड दुकानाच्या काचा धूत होतो. मालकांच्या आई खुर्ची टाकून बघत होत्या.

"साबण कोठे शे?"

"लागत नाही अक्का," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मला तेव्हाच कळायला हवं होतं! मी नळी सोडवून आले, तर ब्रशमधून फेसच फेस. अक्कांनी घरची कपड्यांची पावडर आमच्या टाकीत ओतली होती. वर कानात म्हणतात, "लाजू नको बेटा, साबण मांगी लेवानं!"

*

नानांचं दुखणं वेगळंच. ओली काच तशीच सोडायची म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. धरणगावला आम्ही नळी गुंडाळेपर्यंत त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं हात पोचेल तेवढी काच पुसून काढली. वाळल्यावर बघतो तर वर आरसा, आणि खाली नानांच्या उंचीएवढे पट्टे!

"नाना, स्वतःचं माप घेतलं का?" भूषणनं विचारलं.

"मंग? ओली काच सोडीसन जाऊ का?"

*

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. नानांनी ब्रशला सढळ हातानं हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर पहिलंच काम एका मंगल कार्यालयाचं. पाणी सोडलं, आणि काचेवरून पांढऱ्याशुभ्र दर्शनी भिंतीवर लालभडक ओघळ!

मालक धावत बाहेर आले. "अहो, साखरपुडा माझ्या पुतणीचा आहे. काचेला कशाला कुंकू लावताय?"

तेव्हापासून पूजा फक्त काठीची, असं नानांकडून कबूल करून घेतलं.

*

आता धुळ्याचं ऐका! पाच मजली नवं हॉस्पिटल, वर्षभराचं काम. हे मिळालं नाही तर आमच्याकडे दोघांपुरतंच काम उरणार होतं. कमी होणारा तिसरा कोण, हे नानांना कुणी सांगायची गरज नव्हती.

हॉस्पिटलचे डॉक्टर खाली येऊन उभे राहिले. "तिसऱ्या मजल्यावरची ती काच करून दाखवा."

नानांनी काठीचे जोड एकेक करून वाढवले, ब्रश टेकवला, घासलं, धुतलं. काच लखलखली! आणि मधोमध एक लाल ठिपका.

मी नानांच्या कानाशी लागले. "नाना, आज ब्रशची पूजा केली?"

"थोडीशीच," नाना पुटपुटले.

त्यांनी ब्रशची मान वाकवली, पुन्हा घासलं. ठिपका जागेवर. पाण्याची धार बारीक करून जोर वाढवला. ठिपका जागेवर. भिंतीजवळ सरकून काठी सरळ केली आणि दोन्ही हातांनी दाबून घासलं. डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात काचेच्या आतल्या बाजूला एक हात आला. नुकतंच तोंड धुतलेल्या एका बाईनं नखानं तो ठिपका अलगद काढला, कपाळावर लावला, आणि आमच्याकडे बघून त्या हसल्या.

डॉक्टर वरच बघत राहिले. भूषणनं हसू दाबायला तोंडावर हात ठेवला.

नानांनी शांतपणे पाणी बंद केलं.

"गया ना साहेब! हट्टी डागले येळ लागस. सोमवारपासून येऊ?"