हिल्डाच्या कोपऱ्यातून आलेले वाक्य

नाटककार सर लेनर्ड फॉदरगिल यांचे नाव ठाऊक नसलेला माणूस आज इंग्लंडात शोधावा लागेल. हिल्डा क्रॅबट्रीचे नाव मात्र हॅदर्सली गावाच्या चार गल्ल्यांपलीकडे गेले नाही, आणि तिला त्याचे काडीइतकेही दुःख नव्हते. ती तिथल्या नाट्यगृहातली प्रॉम्प्टर, नटांना विसरलेली वाक्ये आडून सुचवणारी. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात नुसत्या ओठांवरून बोलणे ओळखण्याची विद्या ती आईकडून शिकली होती. त्यामुळे नट अडखळण्याआधीच तिला त्याचे अडखळणे दिसे. विंगेतला कोपरा, लाकडी खुर्ची, मांडीवर नाटकाची प्रत आणि गालात पेपरमिंटची गोळी, एवढाच तिचा संसार. मागणी घालायला आलेल्या खाटकाला तिने “संध्याकाळी माझा खेळ असतो,” एवढेच सांगून वाटेला लावले होते.

त्या नाट्यगृहात दोन दंडक पाळले जात. प्रॉम्प्टरने पदरचा शब्द घातला, तर तिची खुर्ची गेली. आणि नाटकातले अगदी शेवटचे वाक्य तालमीत कुणी उच्चारायचे नाही. पहिल्या प्रयोगाआधी ते तोंडातून निघाले, तर नाटक पडलेच म्हणून समजावे. त्या जागी सारे नट ‘टम-टी-टम’ म्हणत.

तरुणपणी लेनर्ड याच गावच्या विमा कचेरीत कारकून होता, आणि तेव्हाचे हे त्याचे पहिले नाटक. युद्धावर गेलेला नवरा मेला असे समजून बसलेली बाई रोज त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे चहा ओतते. अखेरीस तो दारात उभा राहतो. त्यावर लेनर्डने तिला विरह, अंधार आणि पहाट यांनी ठासून भरलेले पाच ओळींचे वाक्य दिले होते.

“बेरिल, निदान घरी तरी घोक गं ते,” हिल्डाने नायिकेला बजावले.

“घरी म्हटलं आणि भिंतीनं ऐकलं तर? अपशकुन माझ्या माथी मारतेस होय?”

पहिल्या प्रयोगाला नवरा दारात आला. बेरिल उठली आणि गप्प उभी राहिली. हिल्डाने कुजबुजून सुरुवात केली, “विरहाच्या घनदाट...” बेरिलला ते ऐकू गेले नाही. तिचे ओठ हलू लागले आणि हिल्डाने ते वाचले. ओठांवर ‘टम’ जुळत होते. पाच ओळी त्या विंगेतून फेकणे अशक्य होते. तिने एकदा खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “बस. चहा गार होतोय.”

बेरिलने तेच म्हटले.

मग कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरले आणि अख्खे थिएटर उभे राहिले.

पडदा पडताच लेनर्ड धावत आला. “मावशी! माझं वाक्य कुठाय?”

“जागच्या जागी आहे, बाळा. वाचून दाखवू?”

“मालकांना सांगतो! खुर्ची जाईल तुमची!”

“सांग की. बाहेर लोक कशासाठी ओरडताहेत, तेही सांग.”

तेवढ्यात मालक एन्टव्हिसल हात पसरूनच आले. “फॉदरगिल, काय शेवट लिहिलात हो! सगळा जन्म एका चहात! सुचलं कसं?”

हिल्डाच्या गालातली गोळी थांबली. लेनर्डने तिच्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले.

“सुचलं आपलं असंच,” असे पुटपुटत तो प्रेक्षकांना वंदन करायला गेला.

पुढे तो लंडनवासी झाला, ‘सर’ हा किताब मिळाला, त्या चहावर प्राध्यापकांनी जाडजूड प्रकरणे लिहिली. तरीही त्याच्या प्रत्येक नाटकाचा पहिला प्रयोग हॅदर्सलीतच होई. जन्मभूमीची ओढ, असे वृत्तपत्रे लिहीत. शेवटच्या पानावर सर लेनर्ड काहीतरी लिहीत असत खरे. पण शेवटच्या वाक्याच्या क्षणी नट हिल्डाच्या कोपऱ्याकडेच पाहत.

एकदा सर लेनर्ड तिच्या स्वयंपाकघरात कांद्यातली वजडी चापत होते. घास तोंडात ठेवूनच ते म्हणाले, “मावशी, एखाद्या भाषणात खरं सांगून टाकू का?”

“खबरदार! प्रॉम्प्टरनं पदरचा शब्द घातला हे कळलं, तर खुर्ची जाईल ना माझी.”

“बरं बाई. मग या नव्या नाटकाचं शेवटचं वाक्य तरी आज सांगा. उद्या खेळ आहे. झोप उडालीय माझी.”

हिल्डाने त्यांच्या ताटात आणखी वजडी वाढली.

“टम-टी-टम,” ती म्हणाली.